रूळ उखडले, रेल्वे कागदावर राहिली: केटी ट्रेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

४ ऑक्टोबर १९८६. अमेरिकेच्या मिसूरी राज्यात, मिसूरी नदीच्या काठाकाठानं जाणाऱ्या एका रेल्वेमार्गावरून १०१ आणि १०२ क्रमांकाच्या गाड्या गेल्या. त्यानंतर तिथून गाडी म्हणून गेली नाही. नदीला मोठा पूर आला होता. पाण्यानं रुळांखालचा भराव कित्येक ठिकाणी खरवडून नेला आणि कंपनीनं आपली वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून वळवली.

कंपनीचं नाव मिसूरी-कॅन्सस-टेक्सास. आद्याक्षरांतल्या के आणि टीवरून लोक तिला ‘केटी’ म्हणत. नदीकाठचा हा फाटा १८९०च्या दशकात घातला गेला. नदी वळेल तसा तो वळतो. एका हाताला चुनखडीचे उंच कडे, दुसऱ्या हाताला गाळाची सपाट शेतं. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे अख्खा मार्ग जवळजवळ सपाट. पुढे याच मार्गावर ‘केटी ट्रेल’ ही पायी आणि सायकलनं जाण्याची वाट झाली, तेव्हा हेच फार उपयोगी पडलं.

पूर ओसरल्यावर कंपनीनं सरळ हिशेब मांडला. दुरुस्तीला पैसा घालायचा आणि पुढच्या पुराची वाट बघायची, की परक्या रुळांवर भाडं भरून निवांत राहायचं? दुसरं स्वस्त होतं. सेडालिया ते मेकन्स हा सुमारे २०० मैलांचा, म्हणजे ३२० किलोमीटरचा मार्ग बंद करायचा असा अर्ज तिनं केंद्राच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे केला.

त्या काळात असे अर्ज रोजचे झाले होते. १९१६मध्ये अमेरिकेत सुमारे २ लाख ५४ हजार मैल रेल्वे होती. ट्रक आणि महामार्ग आल्यावर ती आटत गेली आणि १९८०च्या कायद्यानं तोट्यातले मार्ग बंद करणं आणखी सोपं केलं. मार्ग तुकड्यातुकड्यानं जाताहेत, एकदा गेलेला सलग पट्टा पुन्हा जुळवता येत नाही, हे लक्षात आल्यावर १९८३मध्ये संसदेनं पायवाटांच्या १९६८च्या राष्ट्रीय कायद्यात एक कलम घातलं. हे सगळं प्रकरण त्या कलमाभोवती फिरतं.

(जमीनमालकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कोर्टाच्या निकालांत ती आहेत, पण इथे काम त्यांच्या भूमिकेशी आहे.)

अडचण: जमीन कोणाची?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रेल्वेची जमीन रेल्वेची, तिनं ती सरकारला दिली, विषय संपला. तसं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात कंपन्यांनी मार्गासाठी जमीन मिळवली ती निरनिराळ्या तऱ्हांनी. काही तुकडे खरेदीखतानं घेतले. पुष्कळ ठिकाणी मात्र कंपनीला मिळाला तो फक्त वहिवाटीचा हक्क: रेल्वे चालवण्यासाठी या पट्ट्यावरून जाण्याचा. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचं आणि रेल्वेची नोंद ‘इतर हक्क’ या रकान्यात. रेल्वे कायमची बंद झाली की ती नोंद आपोआप गळून पडते आणि जमीन मोकळी होते, असा मिसूरीचा कायदा.

आता थोडं गणित करू. पट्टा १०० फूट रुंद धरला तर एका मैलाला १२ एकर जमीन येते. नदीकाठच्या काळ्या गाळाच्या जमिनीत १२ एकर म्हणजे चेष्टा नाही. शिवाय रुळांमुळे ज्याच्या शेताचे दोन तुकडे झाले होते, त्याला ते सांधता येणार होते. आजोबांच्या वेळी गेलेली जमीन नातवाच्या हयातीत परत येणार, म्हणून घरोघर वाट बघणारे लोक होते. त्यांना कळलं की आता तिथून गाडीऐवजी सायकलवाले जाणार.

त्यांच्या तक्रारी दोन जातीच्या होत्या आणि त्या वेगवेगळ्या ठेवायला हव्यात. एक जात धास्तीची: अनोळखी माणसं घरामागून जातील, चोऱ्या होतील, कचरा होईल, कोणी पडलं तर भरपाई आमच्याकडे मागतील. दुसरी जात हक्काची: तुम्ही आमची जमीन घेताय आणि पैसे देत नाही. पायवाटेच्या बाजूच्या लोकांनी पहिल्या जातीला उत्तरं दिली आणि दुसरीलाही उत्तर दिलं असं समजून पुढे गेले. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली मोठी चूक ही.

समोरचे पर्याय

काहीच न करणं हा पहिला पर्याय होता, आणि बहुतेक राज्यांनी बहुतेक मार्गांबाबत तोच निवडला होता. मार्ग रीतसर बंद होतो, पट्टा शेकडो मालकांत विरतो, पाच-दहा वर्षांत त्यावर मका उभा राहतो.

दुसरा पर्याय कायद्यानं सर्वांत स्वच्छ: मार्ग बंद होऊ द्यायचा आणि मग राज्यानं एकेका मालकाकडून जमीन विकत घ्यायची. पण ३२० किलोमीटरमध्ये शेकडो मालक. त्यांतले दहा जण जरी अडून बसले तरी सलग वाट उरत नाही; उरतात ती नदीकाठची सुटी फिरण्याची ठिकाणं.

तिसरा, गावालगतचे सोपे तुकडे तेवढे घ्यायचे. याला जवळचाच दाखला होता. याच कंपनीचा कोलंबिया शहरात जाणारा छोटा फाटा १९७७मध्ये बंद पडला होता आणि शहरानं त्यावर पायवाट केली होती. लोक ती वापरत होते. पण शहराची बाग वेगळी आणि आडगावांना जोडणारी वाट वेगळी.

चौथा पर्याय म्हणजे १९८३चं ते कलम. त्याला रेलबँकिंग म्हणतात. कल्पना अशी: रेल्वेमार्ग बंद झाला असं जाहीरच करायचं नाही. तो भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवला आहे असं म्हणायचं आणि तोपर्यंत त्यावर ‘अंतरिम’ पायवाट चालू ठेवायची. कंपनी रूळ आणि स्लीपर उचलून नेऊ शकते. जो पायवाट चालवेल त्यानं तीन गोष्टी अंगावर घ्यायच्या: व्यवस्थापन, अपघाताची कायदेशीर जबाबदारी आणि कर. आणि उद्या रेल्वेला मार्ग परत हवा झाला तर तो सोडायचा. कायद्याच्या नजरेत मार्ग बंद न झाल्यामुळे वहिवाटीचा हक्क संपत नाही, आणि तो संपत नाही म्हणून जमीन मालकाकडे जात नाही.

वकिली डोक्यातून निघालेली ही युक्ती कमालीची देखणी आहे. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून बघितली तर तितकीच चीड आणणारीही. रूळ नाहीत, स्लीपर नाहीत, गाडी येण्याची चिन्हं नाहीत, पण कागद म्हणतो रेल्वे आहे.

निर्णय आणि पैसा

राज्याच्या उद्यान खात्याकडे पैशाचा एक भरवशाचा झरा होता. १९८४मध्ये मिसूरीच्या मतदारांनी उद्यानं आणि मृदसंधारण यांसाठी विक्रीकरात एक दशांश टक्क्याची भर मंजूर केली होती. तरी एवढी लांब, पूरप्रवण आणि वादग्रस्त वाट गळ्यात घेण्याचं धाडस नुसत्या त्या बळावर होत नाही.

इथे एडवर्ड जोन्स, म्हणजे सगळ्यांचे टेड जोन्स, पुढे आले. वडिलांनी काढलेली गुंतवणुकीची पेढी त्यांनी देशभर वाढवली होती, आणि राहायचे ते मिसूरीतल्या आपल्या शेतावर. ते आणि त्यांच्या पत्नी पॅट यांनी विस्कॉन्सिनमधली एलरॉय-स्पार्टा वाट सायकलवर पाहिली होती. १९६०च्या दशकात बंद रेल्वेमार्गावर केलेली ही वाट अमेरिकेतल्या अशा वाटांमध्ये अगदी पहिल्या फळीतली. तिच्यावरचे तीन बोगदे बघायला माणसं लांबून येत आणि वाटेतल्या लहान गावांत मुक्काम करत. आपल्याकडे हे का नको, असा जोन्स यांचा साधा प्रश्न होता. मार्गाचा हक्क घेण्यासाठी त्यांनी २ लाख डॉलर दिले आणि पुढे वाट बांधायला २० लाखांच्या वर.

१९८७मध्ये आयोगानं अंतरिम पायवाट-वापराची परवानगी दिली, आणि कंपनी व राज्याचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं यांच्यात करार झाला. चौथा पर्याय निवडला गेला.

देणगीनं काम सुटलं खरं, पण तिनं एक सवयही लावली. पैसा मार्गाच्या हक्कासाठी आला, मग बांधकामासाठी आला. शेजारच्या मालकांशी बसून बोलण्यासाठी, जुनी खतं तपासून कोणाच्या जमिनीत नेमका कसला हक्क आहे याची यादी करण्यासाठी, कुंपणांना मदत देण्यासाठी सुरुवातीलाच एक हिस्सा बाजूला काढला असता तर? हा प्रश्न नंतर कोर्टानंच उभा केला.

कोर्टातली तेरा वर्षं

जमीनमालकांनी कलमालाच आव्हान दिलं: भविष्यात रेल्वे येईल हे निव्वळ निमित्त आहे, खरा हेतू बाग करण्याचा. १९८९मध्ये केंद्राच्या आठव्या अपील न्यायालयानं कलम वैध ठरवलं. पुढच्याच वर्षी व्हरमाँटमधल्या एका दांपत्याचं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. न्यायालयानं एकमतानं सांगितलं की कलम घटनेला धरून आहे. मात्र त्याच निकालात दुसरी बाजूही होती: यामुळे कोणाची मालमत्ता घेतली गेली असेल तर त्याला केंद्र सरकारकडे भरपाई मागता येईल.

पायवाटवाल्यांनी निकालाचं पहिलं वाक्य उचललं, मालकांनी दुसरं.

मिसूरीतले मालक केंद्राच्या दाव्यांच्या न्यायालयात गेले आणि २००० साली त्यांची बाजू मान्य झाली. तर्क असा: राज्याच्या कायद्याप्रमाणे रेल्वेसाठी दिलेली वहिवाट पायवाटेला लागू होत नाही, प्रत्यक्षात रेल्वे थांबली आहे, केंद्राच्या कलमानं मालकाला जमीन परत मिळण्यापासून अडवलं, म्हणजे ती घेतलीच, तेव्हा भरपाई द्या. वाट हलली नाही. ती राज्याकडेच राहिली, पैसे देण्याची जबाबदारी केंद्रावर आली.

करार १९८७चा, निकाल २०००चा. मधल्या तेरा वर्षांत काही मालक थकले असतील, काहींनी जमिनी विकल्या असतील. न्याय मिळाला असं म्हणताना हा काळही मोजायला हवा.

बांधकाम, आणि पुन्हा नदी

दावे चालू असतानाच काम सुरू झालं. रूळ आणि स्लीपर निघाले. भराव आणि त्यावरची दाबून बसलेली खडी जागेवर राहिली. शंभर वर्षं गाड्यांच्या वजनाखाली बसलेला पाया आयता मिळणं ही अशा वाटांची मोठी बचत. त्यावर चुनखडीची बारीक कच पसरून रोलर फिरवला. डांबर नाही. पुलांवर फळ्या ठोकून कठडे लावले. जुने मैलाचे आकडे तसेच ठेवले, त्यामुळे आजही वाटेवर माणूस कुठे आहे हे रेल्वेच्या मैलांत सांगतात.

एप्रिल १९९०मध्ये रोशपोर्ट इथे पहिला तुकडा उघडला. ही निवड हुशारीची होती. रोशपोर्ट हे नदीकाठचं इवलंसं गाव आणि गावाच्या कडेलाच १८९३चा दगडी तोंडाचा बोगदा, अवघा २४३ फुटांचा. केटीच्या या फाट्यावरचा हा एकच बोगदा. उन्हातून आत शिरलं की अंग गार पडतं, पायांखाली कच करकरते आणि समोरचं उजेडाचं भोक वाढत वाढत झाडं दिसायला लागतात. तिथून पुढे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी. दहा मिनिटं चाललेल्या माणसाला ही वाट कशासाठी हे समजावून सांगावं लागत नाही. विरोधाचा जोर असलेल्या शेतपट्ट्यातून सुरुवात केली असती तर ‘शेतातून जाणारा रस्ता’ एवढंच दिसलं असतं.

टेड जोन्स त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले. पुढे १९९१मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेनं सेडालिया ते क्लिंटन हा ३३ मैलांचा पट्टा दान दिला, केटी कंपनी तोवर तिच्यातच विलीन झाली होती.

मग १९९३चा महापूर. तोवर तयार झालेल्या १२६ मैलांपैकी ७५ मैलांची हानी झाली. कच वाहून गेली, भराव फुटले. ज्या कारणानं कंपनीनं मार्ग सोडला तेच कारण आता राज्याच्या दारात उभं होतं. फरक इतकाच की भराव खचला तर मालगाडी महिनोन्महिने अडते; सायकलीसाठी कच टाकली, रोलर फिरवला की तुकडा उघडतो. वाट तुकड्यातुकड्यानं पुन्हा उघडली गेली. पूर येणार हे धरूनच रचना करायची, हा धडा रेल्वेनं आधीच देऊन ठेवला होता.

बूनव्हिलचा पूल

वाट बूनव्हिलपाशी नदी ओलांडते. तिथे १९३२चा रेल्वेपूल आहे. बोटींसाठी मधला गाळा सरळ वर उचलला जातो असा. वाटेला त्याचा उपयोग झाला नाही. सायकली शेजारच्या रस्त्याच्या पुलावरून नेल्या आणि हा पूल गाळा वर केलेल्या स्थितीत उभा राहिला.

२००४-०५च्या सुमारास रेल्वे कंपनीनं पूल पाडून त्याचं पोलाद दुसरीकडे वापरायचं ठरवलं. राज्याच्या खात्यानं हरकत घेतली नाही. राज्याच्याच महाधिवक्त्यांनी मात्र दावा लावला. त्यांचा मुद्दा नेमका होता: हा मार्ग रेल्वेसाठी राखलेला आहे या एका वाक्यावर सगळी वाट उभी आहे. नदीवरचा पूलच काढला तर सलग मार्ग राहिला कुठे? मग मालक उद्या म्हणतील, बंद झाला ना मार्ग, द्या जमीन.

म्हणजे एका सरकारची दोन खाती, एकाच करारावर, दोन बाजूंना. पुलाचं काय करायचं हे १९८७च्या करारात लख्ख लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती. दावा हरला, पण गावकऱ्यांनी चिकाटी सोडली नाही. अखेर २०१०मध्ये कंपनीनं पूल बूनव्हिल शहराला देऊन टाकला आणि २०१६मध्ये त्याचा काही भाग लोकांसाठी खुला झाला. आता त्यावर चालत जाऊन, वर उचललेल्या गाळ्याच्या अलीकडे थांबून नदी बघता येते. पलीकडे अजून जाता येत नाही.

फलित

२०११मध्ये पूर्वेकडचा सेंट चार्ल्स ते मेकन्स हा शेवटचा तुकडा उघडला आणि वाट क्लिंटनपासून मेकन्सपर्यंत २४० मैलांची, म्हणजे सुमारे ३८६ किलोमीटरची झाली. राज्याच्या २०१२च्या पाहणीत वर्षाला सुमारे ४ लाख लोकांची ये-जा आणि त्यातून सुमारे १ कोटी ८५ लाख डॉलरची आर्थिक उलाढाल नोंदली गेली. असे आकडे वाट चालवणाऱ्यानंच काढून घेतलेले असतात, तेव्हा ते थोडे जपूनच घ्यावेत. पण वाटेतल्या गावांत सायकलींची दुकानं, खाणावळी आणि मुक्कामाची घरं उभी राहिली हे तर डोळ्यांना दिसतं.

काय वेगळं करता आलं असतं

कायद्याची वाट निवडली ती बरोबर होती असं माझं मत आहे. दुसरा पर्याय घेतला असता तर आज ही सलग वाट नसती. पण कलम वापरायचं ठरवणं आणि कलमावर सगळा भार टाकणं यांत फरक आहे. वहिवाट कुठे आणि मालकी कुठे, ही तपासणी अर्जाआधी करता आली असती. जिथे फक्त वहिवाट होती तिथल्या मालकांना आपण होऊन काही देऊ केलं असतं, तर सगळे नाही तरी बरेच जण दावेदाराऐवजी शेजारी झाले असते. राज्याची अडचण समजते: भरपाई देऊ करणं म्हणजे आपण जमीन घेतोय अशी कबुली देणं, असं वकील सांगणार. तेरा वर्षांनी कोर्टानं ती कबुली लिहूनच दिली.

दुसरा मुद्दा ऐकण्याचा. चोऱ्या, कचरा ही धास्ती वाट उघडल्यावर आपोआप उतरते, असं वाटवाले नेहमी म्हणतात आणि बहुतेकदा ते खरंही ठरतं. म्हणून आधी ऐकायचं नाही असं होत नाही. शेत दोन्ही बाजूंना असलेल्या माणसाला ट्रॅक्टर पलीकडे नेण्याची जागा नेमकी कुठे हवी, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

आपल्याकडे बघताना

हे प्रकरण वाचल्यावर विदर्भातल्या माणसाला शकुंतला आठवेल: यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, अडीच फुटी रुंदीची छोटी गाडी, आता बंद पडलेली. तिथे सायकलवाट करा असं कोणी म्हणालं तर पहिला प्रश्न वेगळाच येईल. मिसूरीत शेतकऱ्याला जमीन परत हवी होती. शकुंतलेच्या गावांना गाडी परत हवी आहे, तीही ब्रॉडगेज. त्यांच्यापुढे सायकलवाटेचा नकाशा ठेवणं म्हणजे गाडीचा नाद सोडा असं सांगण्यासारखं होईल.

गंमत अशी की रेलबँकिंगमधली ‘अंतरिम’ ही अट, जी मिसूरीच्या शेतकऱ्याला ढोंग वाटली, तीच इथे लोकांना पटण्याजोगी आहे: पट्टा सलग राहील, त्यावर अतिक्रमण होणार नाही, आणि रूळ यायचे तेव्हा वाट बाजूला होईल. अट एकच, हे शेवटचं वाक्य पहिल्या दिवशी कागदावर लिहायचं, आणि पुलांची यादी सोबत जोडायची.